घरच्या प्रयोगशाळेसाठी जुना स्विच घेताना

संगणक-जाळ्यांच्या क्षेत्रात पहिली नोकरी शोधणारे राज्यातील अनेक तरुण सिस्को कंपनीच्या ‘सीसीएनए’ प्रमाणपत्राची तयारी करतात. परीक्षेचे शुल्क ३०० डॉलर, म्हणजे २५ हजार रुपयांच्या वर. अनुत्तीर्ण झाल्यास ते पुन्हा भरावे लागते. साहजिकच सरावासाठी घरीच छोटी प्रयोगशाळा उभारावी असे वाटते आणि नजर जुन्या बाजाराकडे वळते. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, बंगळूरचा एस. पी. रोड आणि ऑनलाइन विक्रेते यांच्याकडे कंपन्यांनी काढून टाकलेली यंत्रे मूळ किमतीच्या अल्प अंशात मिळतात. परीक्षेच्या शुल्काएवढी रक्कम चुकीच्या यंत्रावर घालवणेही तेथे तितकेच सोपे आहे.

या बाजारात ‘सीसीएनए किट’ नावाचा एक तयार गठ्ठा विकला जातो. त्यात दोन-तीन राउटर, तेवढेच स्विच, सीरियल कार्डे आणि जाडजूड निळ्या तारा असतात. पाहणाऱ्यावर छाप पडते, पण त्यातील बराचसा ऐवज कालबाह्य परीक्षेचा असतो. सध्याची २००-३०१ क्रमांकाची परीक्षा २४ फेब्रुवारी २०२० पासून सुरू झाली. तिच्यात ईआयजीआरपी, पीपीपी ही जुनी प्रकरणे उरली नाहीत. फ्रेम रिले तर त्याही आधीच गेले होते. त्यांची जागा वायरलेस, सुरक्षा, आयपीव्ही६ आणि स्वयंचलन यांनी घेतली. सीरियल तारांसाठी वेगळे पैसे मोजण्याचे कारण त्यामुळे उरलेले नाही. १९९० च्या दशकातील २५०० मालिकेचे राउटर तर आज शोभेचेच.

मग घ्यावे काय? राउटरचा बहुतेक सराव सिस्कोच्या ‘पॅकेट ट्रेसर’मध्ये होतो. नेटवर्किंग अकादमीत नोंदणी केली की तो विनामूल्य मिळतो आणि ओएसपीएफसारखा विषय त्यात चांगला गिरवता येतो. पैसे खर्च करायचेच तर ते स्विचवर करावेत, आणि स्विच दोन घ्यावेत. ट्रंक, इथरचॅनेल, स्पॅनिंग ट्री हे सारे स्विचांमधील परस्परसंबंधांचे विषय आहेत; एकट्या स्विचवर ते उमगत नाहीत. कॅटॅलिस्ट २९६० मालिकेची जोडी या कामाला पुरते. पोर्टचा वेग १०० मेगाबिट असला तरी बिघडत नाही, कारण अभ्यासाच्या आज्ञा त्याच राहतात. गिगाबिटसाठी जादा पैसे देणे ही हौस झाली.

खरेदीत सर्वांत दुर्लक्षिली जाणारी बाब म्हणजे यंत्रातील सॉफ्टवेअर. पेटी दुसऱ्याच्या हाती गेली तरी आयओएस या प्रणालीचा परवाना सहसा तिच्याबरोबर जात नाही आणि नवी आवृत्ती उतरवून घेण्यासाठी सेवा करार लागतो. यंत्रात जे आहे त्यावरच भागवावे लागणार, असे धरूनच व्यवहार करावा. विक्रेत्याकडून ‘शो व्हर्जन’ या आज्ञेच्या उत्तराचे छायाचित्र आधी मागवावे. २९६० वर १५.० आवृत्ती असेल तर उत्तम. मॉडेल क्रमांकाचे शेवटचे अक्षरही वाचावे. २९६० मध्ये ‘एल’ म्हणजे लॅन बेस, ‘एस’ म्हणजे लॅन लाइट. लाइटमध्ये सुविधा कमी असतात आणि त्याचे पुढे बेसमध्ये रूपांतर होत नाही. स्तर तीनचे राउटिंग करणाऱ्या ३५६० मालिकेत मात्र हाच ‘एस’ वेगळा अर्थ घेतो. तेथे तो आयपी बेस दर्शवतो. एका अक्षरापायी फसगत होते ती अशी.

छायाचित्रातील अनुक्रमांक पेटीवरील चिकटपट्टीशी जुळतो का, तेही पाहावे. नकली माल ही केवळ ऐकीव भीती नाही. २९६०-एक्स मालिकेच्या बनावट स्विचांचा तपास एफ-सिक्युअर या फिनलंडच्या कंपनीने २०२० मध्ये प्रसिद्ध केला. सॉफ्टवेअर अद्ययावत करताच ते स्विच बंद पडल्याने हा प्रकार उघडकीस आला होता. चालू करून दाखवायला तयार नसलेल्या विक्रेत्याशी घासाघीस करण्यात अर्थ नाही. प्रत्येक पोर्टमध्ये तार घालून दिवा लागतो का, हे समोरच तपासावे.

यंत्रासोबत कन्सोल केबल लागते. आजच्या लॅपटॉपला जुना सीरियल पोर्ट नसतो, म्हणून यूएसबी जोड असलेलीच घ्यावी; ती काही शे रुपयांत मिळते. जोडणीचा वेग ९६०० ठेवला की पडद्यावर अक्षरे उमटू लागतात. आधीच्या मालकाचा पासवर्ड आड आलाच, तर वीज जोडताना पुढचा ‘मोड’ खटका दाबून धरून तो ओलांडता येतो. ही गोष्ट वाचून कळते, पण हाताला करूनच बसते. प्रत्यक्ष यंत्राची खरी किंमत अशा कामांत आहे.

विजेची धास्ती बाळगू नये. २४ पोर्टांचा साधा २९६० जास्तीत जास्त ३० वॅट वीज घेतो. असे दोन स्विच रोज चार तास चालवले तरी दिवसाला पाव युनिट होत नाही. त्रास होतो तो आवाजाचा. तारेतूनच उपकरणांना वीज पुरवणारे मोठे स्विच आणि २८११ सारखे राउटर लहान सदनिकेत शेजारच्या खोलीतही ऐकू येतात. रात्री अभ्यास करणाऱ्याने पंखा नसलेला आठ पोर्टांचा २९६० शोधावा.

परदेशातून आलेल्या यंत्राबरोबर चपट्या पिनांची तार असेल तर संगणकाची नेहमीची तार चालते. पुरवठा यंत्रणा सहसा १०० ते २४० व्होल्ट घेते, तरी मागचा आकडा वाचावा. गोव्यात किनाऱ्यालगतच्या घरांत खारी दमट हवा पोर्टमधील धातूच्या पट्ट्या गंजवते. वापरात नसलेली तोंडे झाकावीत आणि पावसाळ्यात यंत्र आठवड्यातून एकदा तरी तासभर चालू ठेवावे. पहिल्याच दिवशी करायचे एक काम राहते. आतील जुनी मांडणी आणि व्हीलॅनची फाइल पुसून टाकावी. कित्येकदा तेथे आधीच्या कंपनीचे पत्ते आणि पासवर्ड तसेच राहिलेले असतात. ते वाचत बसू नये, जपून ठेवू नयेत.