माहेर मेक्सिकोचं!

आमच्या गावामागच्या टेकडीवर गिरिपुष्पाची खूप झाडं आहेत. काही जण त्याला उंदीरमारी म्हणतात. माघात त्याची पानं गळतात आणि फांद्या फिकट गुलाबी फुलांनी भरून जातात. सकाळी फिरायला जाणाऱ्या आम्हा बायकांना त्याचं भारी कौतुक. पण एकदा कुणीसं म्हणालं, "अहो, हे झाड परदेशी! मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलं. आपल्या निसर्गाचा शत्रूच." झालं! आमच्या महिला मंडळाने ठरवून टाकलं, टेकडी साफ करायची आणि सगळी देशी झाडं लावायची.

आम्ही कोयते घेऊन गेलो, तर सरपण गोळा करणाऱ्या एक मावशी आडव्या आल्या. "ताई, समदी येकदम तोडू नगा. पावसात माती कोण धरंल? आधी खाली वाकून बघा तरी."

वाकून बघितलं. जिथे झाडी दाट होती तिथे खाली नुसता पाचोळा. पण मावशींनी सरपणासाठी फांद्या छाटल्या होत्या, तिथे ऊन उतरलं होतं. आणि तिथेच आपट्याची आणि कडुनिंबाची चांगली गुडघाभर रोपं उभी होती! आम्ही एकमेकींकडे बघतच राहिलो.

मग जरा माहिती काढली. ही झाडं उघड्या टेकड्यांवर का लावली गेली? फांदी रोवली तरी जगते, भराभर वाढते आणि गुरं सहसा तोंड लावत नाहीत. शिवाय हे झाड शेंगवर्गातलं, म्हणजे आपल्या तुरी-हरभऱ्याच्या गोतावळ्यातलं. मुळांवरच्या गाठींमुळे जमिनीला नत्र मिळतं, पाल्याचं उत्तम खत होतं. गंमत म्हणजे, त्याच्या माहेरी कोकोच्या रोपांना सावली देण्यासाठी ते लावतात, म्हणून तिकडे त्याला 'कोकोची आई' म्हणतात. आपल्याकडेही आपट्या-पळसाची दाई म्हणून त्याला का वागवू नये?

अर्थात, सगळंच गोड नाही. उंबर किंवा पळस आपल्या पाखरांना, किड्यामुंग्यांना जेवढं देतो, तेवढं हे झाड देत नाही. नुसतं गिरिपुष्पच वाढत राहिलं तर टेकडी हिरवी दिसेल, पण पाखरांच्या दृष्टीने रिकामीच!

आणि सगळेच पाहुणे असे गुणी नसतात. घाणेरीचंच बघा ना! एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शोभेचं झुडूप म्हणून ती अमेरिका खंडातून भारतात आली. पाखरं तिची फळं खातात आणि बिया रानोमाळ पसरवतात. जंगलात ती गवताला जागाच ठेवत नाही आणि गुरांनी तिचा पाला खाल्ला तर विषबाधा होते. तिला मात्र मुळासकट उपटलेलंच बरं. म्हणजे प्रश्न फक्त माहेर कुठलं याचा नाही, सासरी येऊन वागणं कसं याचाही आहे.

आम्ही बेत बदलला. आता दरवर्षी थोड्याच पट्ट्यातलं गिरिपुष्प छाटतो. पाला तिथेच रोपांच्या बुडाशी अंथरतो, काटक्या सरपणाला जातात. मोकळ्या झालेल्या जागेत आपटा, बहावा, पळस लावतो. ती झाडं मोठी झाली की दाईला निरोप! गिरिपुष्पाची नवी फांदी मात्र कुणीही रोवायची नाही, हा नियम.

मैत्रिणींनो, तुमच्या गावातही असं एखादं परकं झाड असेल. कुऱ्हाड उचलण्याआधी जरा खाली वाकून बघा, त्याच्या सावलीत कोण वाढतंय ते. आणि नवं झाड लावताना आधी आपल्या मातीतलं शोधा.

दसऱ्याला दाराला तोरण बांधाल, तेव्हा त्यातल्या झेंडूकडेही बघा. तोही मूळचा मेक्सिकोचाच! पण आपल्या आंब्याच्या पानांशेजारी कसा छान शोभून दिसतो ना?