मोरचूद, चुना आणि मोलाचा हिशेब

पानवेलीवर फवारण्याच्या बोर्डो मिश्रणाचें प्रमाण वाचकांस तोंडपाठ असेल: मोरचूद एक किलो, चुनकळी एक किलो, पाणी शंभर लिटर. सांडोर येथील आमच्या वाडींत हेंच प्रमाण आम्ही वर्षानुवर्षें डोळे मिटून पाळीत आलों. परंतु एका पावसाळ्यांत, खुडणी आटोपल्यावर हें मिश्रण मारलें असतां चार दिवसांत मागें राहिलेलीं कोंवळीं पानें कडांनीं करपलीं, आणि पुढची खुडणी हातची गेली. मोरचूद तोच, पाणी त्याच बावखलाचें, वजनें काट्यावर बरोबर. दोष कोठें होता तें त्या वेळीं उमगलें नाहीं. तें उमगलें पुढें, आमच्या धाकट्या बंधूंच्या मुलास नववीचें रसायनशास्त्र शिकवितांना. आमचें स्वतःचें शिक्षण मराठी शाळेंत सातवीपर्यंतचें, आणि उमेदीचीं वर्षें महसूल कचेरींत आंकडे उतरण्यांत गेलीं. तेव्हां मुलाबरोबर आम्हीही शिकलों असें म्हणणेंच सरळ होईल.

त्याच्या पुस्तकांत ‘द्रव्याचे मोजमाप’ असा धडा होता. त्यांत ‘मोल’ हा शब्द येतो. आपल्या भाषेंत मोल म्हणजे किंमत, त्यामुळें मूल पहिल्याच पायरीवर अडखळतें. येथें मोल म्हणजे केवळ एक गणती. केळीं डझनानें, नारळ शेंकड्यानें, तसे अणुरेणू मोलानें मोजावयाचे. ते कण अतिशय बारीक, म्हणून त्यांचा ‘शेंकडा’ही तसाच प्रचंड: 6022 पुढें वीस शून्यें दिलीं म्हणजे एका मोलांतील कणांची संख्या जवळजवळ मिळते. 2019 सालीं ही संख्या जगभर कायमची निश्चित करण्यांत आली.

मुलास आम्हीं विड्याचें उदाहरण घातलें. एका विड्यास दोन पानें व एक सुपारी. दोनशें पानें व साठ सुपाऱ्या असतां विडे किती? साठ, सुपारी संपली, ऐशीं पानें उरलीं. येथवर मुलगा चटकन आला. मग विचारलें, पाव किलो पानांस सुपारी किती वजनाची लागेल? तेथें तो थांबला, आणि थांबणेंच योग्य होतें. एका पानाचें व एका सुपारीचें वजन ठाऊक असल्यावांचून या प्रश्नास उत्तर नाहीं. वजनावरून संख्या काढावी, संख्येंत प्रमाण पाहावें, आणि पुनः वजनावर यावें. रसायनाच्या हिशेबाची सारी वाट एवढीच आहे. मधली पायरी गाळून वजनास वजन लावणें म्हणजे जमिनीची प्रत न पाहतां नुसत्या गुंठ्यांवरून आकार बसविणें होय.

मग आम्हीं मोरचूद व चुना घेतला. मोरचुदाच्या एका कणास विरविलेल्या चुन्याचा एक कण भेटला म्हणजे तांब्याचें हायड्रॉक्साइड व कॅल्शियमचें सल्फेट तयार होतें. समीकरण एकास एक. मुलगा उद्गारला, “म्हणजे काका, किलोस किलो! आपल्या वाडींतलेंच प्रमाण.” खरें सांगावयाचें तर आम्हांसही क्षणभर तसेंच वाटलें. परंतु मोरचुदाच्या एका मोलाचें वजन 249.7 ग्रॅम (यांतील 90 ग्रॅम तर खड्यांत मुरलेलें पाणीच असतें, आणि तें धरावयास मुलें हटकून विसरतात), आणि चुनकळीच्या मोलाचें अवघें 56. म्हणून किलोभर मोरचूद म्हणजे 4 मोल, किलोभर चुनकळी म्हणजे जवळजवळ 18 मोल. समीकरणास 4 मोल चुना पुरेसा आहे, म्हणजे सुमारें 225 ग्रॅम! पुस्तकांतलें एकास एक हें संख्येचें, वाडींतलें एकास एक हें वजनाचें. दिसावयास सारखीं, पण एकाचा दुसऱ्याशीं संबंध नाहीं.

मग उरलेला पाऊण किलो चुना व्यर्थ कां घालावयाचा? या प्रश्नानेंच आमच्या करपलेल्या पानांचा उलगडा झाला. शंभर किलो शुद्ध चुनखडी भाजली कीं 44 किलो वायु उडून जातो व 56 किलो चुनकळी उरते. ती 18 किलो पाणी शोषून विरते व 74 किलो होते. हा चुना उघडा पडून राहिला तर हवेंतील तोच 44 किलो वायु परत घेतो, 18 किलो पाणी टाकतो, आणि पुनः शंभर किलो चुनखडी होऊन बसतो. दिसावयास पांढरी पूड ती पांढरी पूडच. आमचें पोतें सबंध पावसाळा पडवींत तोंड उघडें पडलें होतें. समजा, त्यांतील एका किलोंत शंभर ग्रॅमच खरी चुनकळी उरली होती, म्हणजे 1.8 मोल. समोर मोरचूद 4 मोल. समीकरणाप्रमाणें निम्म्याहून अधिक मोरचूद मोकळा राहिला, आणि मोकळ्या मोरचुदानेंच पान भाजतें. विड्यांतील सुपारी संपली, तसा येथें चुना संपला. चुना चौपट घेण्याची जुनी रीत असल्या कमअस्सल चुन्याची भरपाई आहे. पण तिलाही मर्यादा आहे.

या मिश्रणाचा जन्मही गमतीचा आहे. फ्रान्सांत बोर्डोजवळ वाटसरूंनीं द्राक्षें चोरूं नयेत म्हणून रस्त्याकडील वेलींस मोरचूद व चुना फांसीत असत. त्याच वेली रोगांतून वाचल्या, हें मिलार्डे यांनीं हेरलें व 1885 सालीं प्रसिद्ध केलें. त्यापूर्वीं, 1799 सालीं, प्रूस्त यांनीं तांब्याचेंच कार्बोनेट घेऊन दाखविलें होतें कीं तें खाणींतलें असो वा प्रयोगशाळेंतलें, त्यांतील घटकांचें प्रमाण एकच.

मुलांस हें डोळ्यांनीं दिसावें म्हणून आम्हीं चार बाटल्या मांडल्या. प्रत्येकींत एक लिटर पाणी व 25 ग्रॅम मोरचूद, म्हणजे मोलाचा दहावा भाग. त्यांत ताज्या विरविलेल्या चुन्याची कोरडी पूड अनुक्रमें 2, 4, 6 व 8 ग्रॅम घालून चांगलें हलविलें, आणि घांसलेला एकेक लोखंडी खिळा सोडला. पहिल्या दोन बाटल्यांतील खिळ्यांवर तांबूस लेप चढला. चौथीतला खिळा स्वच्छ राहिला. हिशेबानें 7.4 ग्रॅम लागावयास हवे होते, पण तिसरीचाही खिळा जवळजवळ कोराच निघाला. कारण निळ्या गाळांत कांहीं सल्फेट अडकून राहतें, आणि तेवढा चुना कमी लागतो. पुस्तकी समीकरण व प्रत्यक्ष यांतील ही तफावत मुलांपासून लपवूं नये; आमच्या पुतण्यास त्या दिवशीं सर्वांत गोडी वाटली ती तिचीच.

तेव्हांपासून फवारणीपूर्वीं आम्ही घांसलेल्या विळ्याचें पातें मिश्रणांत बुडवून पाहतों. लाल छटा आली तर आणखी चुन्याची निवळी घालतों, आली नाहीं तरच पंप भरतों. मोरचूद लोखंडी भांड्यांत भिजवीत नाहीं, आणि मिश्रण त्याच दिवशीं संपवितों. उरलेंच तर बावखलांत ओतीत नाहीं. तांब्यानें मासे मरतात.