जखमी कोई मासा आणि त्याच्या सभोवतालचे पाणी

आजारी माशाच्या शुश्रूषेविषयीचे लेखन बहुधा औषधांच्या नावांनी सुरू होते आणि त्यांच्या मात्रांनी संपते. ही पद्धत स्थलचर प्राण्यांच्या चिकित्सेवरून उचललेली आहे. परंतु माशाच्या बाबतीत रोगी आणि त्याचा परिसर यांत त्वचेचा केवळ एक पातळ पडदा असतो आणि व्रण झाला म्हणजे तोच पडदा फाटतो. शोभेच्या तळ्यातील कोई माशाच्या व्रणाचे उदाहरण घेऊन या एका गोष्टीमुळे चिकित्सेचा क्रम कसा बदलतो, हे दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

कोई, जपानी भाषेत निशिकिगोई, ही कार्प माशाची निवडपद्धतीने जोपासलेली रंगीत वाणे होत. जपानमधील निइगाता प्रांताच्या डोंगराळ भागातील भातशेतकऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात त्यांची पैदास केली. १९१४ साली टोकियो येथे भरलेल्या प्रदर्शनामुळे ती त्या देशात सर्वत्र परिचित झाली. महाराष्ट्रातील तलावांत ‘सायप्रिनस’ या नावाने ओळखला जाणारा मासा त्यांचा निकटचा आप्त आहे. त्यामुळे पुढील विवेचन आपल्याकडील अभ्यासकांसही परके वाटू नये.

गोड्या पाण्यातील माशाच्या रक्तद्रवाची संहती सुमारे ०.८ ते ०.९ टक्के मिठाच्या द्रावणाइतकी असते. सभोवतालच्या पाण्यात मात्र क्षार जवळजवळ नसतात. परिणामी तर्षणामुळे, म्हणजे कमी संहतीकडून अधिक संहतीकडे होणाऱ्या पाण्याच्या ओढीमुळे, पाणी सतत शरीरात शिरत राहते. मूत्रपिंड विरल मूत्राच्या रूपाने ते बाहेर टाकते आणि कल्ले पाण्यातून क्षार परत शोषून घेतात. या व्यवहाराचा भार सुसह्य राहतो तो खवले, त्वचा व तिच्यावरील श्लेष्मा यांच्यामुळे. व्रण पडला की त्या जागेतून पाणी अनिर्बंध आत येते व क्षार बाहेर जातात. म्हणून मोठा व्रण असलेला मासा पुष्कळदा जंतुसंसर्ग पसरण्यापूर्वीच क्षारांचा तोल ढळल्याने मरतो. फुगलेले पोट आणि उभारलेले खवले ही मूत्रपिंडाने हार मानल्याची लक्षणे असू शकतात.

पाण्यात ०.३ टक्के, म्हणजे १००० लिटरला ३ किलोग्रॅम, साधे मीठ घालण्याचा जो प्रघात आहे, त्याचे मर्म यात आहे. मीठ या प्रमाणात जंतुनाशक म्हणून फारसे उपयोगी नाही. ते रक्त व पाणी यांच्या संहतीतील अंतर सुमारे एक-तृतीयांशाने कमी करते आणि माशाला उसंत मिळवून देते. शिवाय मिठातील क्लोराइड कल्ल्यांतून नायट्राइटचा प्रवेश रोखते. एरवी नायट्राइट रक्तातील हीमोग्लोबिनला प्राणवायू वाहण्यास असमर्थ करून रक्त तपकिरी करते. मीठ विरघळवून, दोन-तीन हप्त्यांत घालावे. गाळणीत झिओलाइट असल्यास ते आधी काढावे. अन्यथा त्याने धरून ठेवलेला अमोनिया मिठामुळे पुन्हा पाण्यात येतो.

यावरून चिकित्सेची पहिली पायरी पाण्याची परीक्षा हीच होय, हे स्पष्ट व्हावे. अमोनियाची केवळ एकूण मात्रा पाहून भागत नाही. २५ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात सामू ७ असता एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा टक्का अधिक विषारी, अनायनित रूपात असतो. सामू ८ होताच हे प्रमाण सुमारे ५ टक्के होते आणि ९ झाल्यास एक-तृतीयांशाच्याही वर जाते. प्राणवायूचीही गोष्ट अशीच आहे : १० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३० अंशांच्या पाण्यात साडेसात. आजारी माशाला निराळ्या टाकीत हलविताना हा धोका वाढतो, कारण नव्या गाळणीत अमोनियाचे विघटन करणारे जीवाणू अद्याप वाढलेले नसतात. तेथे रोज थोडे पाणी बदलणे, पाण्यात हवा सोडणे आणि नळाच्या पाण्यातील क्लोरीन काढणे अपरिहार्य आहे.

दुसरी पायरी निदानाची. व्रणात बहुधा एरोमोनास गटातील जीवाणू आढळतात. तथापि त्यांना वाट करून देणारे कारण वेगळे असू शकते. त्वचा व कल्ले यांवरील श्लेष्मा काचपट्टीवर घेऊन लगेच सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यास ट्रायकोडायना, गायरोडॅक्टिलस यांसारखे परजीवी दिसतात. आर्ग्युलस हा तर नुसत्या डोळ्यांनीही दिसतो. परजीवी कायम ठेवून केवळ व्रणावर उपचार केल्यास नवे व्रण होतच राहतात. पाणी थंड असल्यास माशाच्या शरीरात प्रतिपिंडांची निर्मितीही मंदावते. त्यामुळे शीत देशांत वसंतात असे रोगी अधिक दिसतात.

यानंतरच प्रत्यक्ष जखमेकडे वळावे. ट्रायकेन अथवा लवंगेच्या तेलातील युजेनॉल यांची भूल देऊन, ओल्या हातांनी मासा धरावा. मृत ऊती व सुटलेले खवले काढावेत आणि सौम्य पोव्हिडोन आयोडीनने जखम पुसावी. द्रव कल्ल्यांपर्यंत जाऊ देऊ नये. माशाची बाह्यत्वचा काही तासांतच जखमेवर सरकू लागते. यास्तव रोज मासा पकडून जखम पुन्हा उघडणे हा उपचार नसून अपाय होय. प्रतिजैविक द्यावयाचे ते पशुवैद्याच्या सल्ल्याने व जीवाणूंची संवेदनशीलता तपासून; ते तळ्यात ओतल्यास गाळणीतील उपयुक्त जीवाणूच नष्ट होण्याचा संभव असतो.

एका प्रसंगी मात्र हा सारा क्रम अपुरा पडतो. १९९८ साली इस्राएलमध्ये मोठी हानी करणारा कोई हर्पीस विषाणू २००३ साली जपानच्या कासुमिगाउरा सरोवरातील कार्पमध्ये आढळला. पाणी साधारणतः १६ ते २५ अंश असताना हा रोग प्रकटतो. कल्ल्यांच्या ऊती मरतात, डोळे खोल जातात आणि बहुसंख्य मासे दगावू शकतात. त्यावर औषध नाही आणि वाचलेला मासा वाहक राहू शकतो. म्हणून नवा मासा काही आठवडे याच तापमानात वेगळा ठेवावा. संशय आल्यास नुकताच मेलेला किंवा मरणासन्न मासा प्रयोगशाळेकडे पाठवावा. माशाच्या ऊती फार लवकर कुजत असल्याने शिळ्या प्रेतावरून निदान होणे कठीण.

सारांश, आधी पाणी, मग कारण, त्यानंतर जखम आणि शेवटी औषध असा हा क्रम आहे. तो उलटा झाला, तर ज्या व्रणातून मासा वाचला असता, त्याच्या शुश्रूषेनेच तो दगावण्याची भीती असते.