पाटाच्या कडेची वाट

खान्देशात सायकलवर भटकायचे म्हटले, की लोक धुळे-जळगाव महामार्गाचे नाव घेतात. पूर्वीचा क्रमांक ६, आता ५३. तिथे ट्रकच्या वाऱ्यानेच हँडल हलते! मला विचाराल तर सायकलस्वाराची वाट पाटाच्या बांधावर आहे.

गिरणा धरण १९६९ मध्ये पुरे झाले. त्याच्या खाली, चाळीसगाव तालुक्यात जामद्याचा बंधारा आहे. तिथून डावा आणि उजवा असे दोन कालवे निघतात. पाणी आपल्या भाराने वाहायचे, म्हणून कालवा टेकडीशी भांडत नाही, वळसा घालतो. साहजिकच देखरेखीसाठी ठेवलेल्या कडेच्या रस्त्यालाही फारसा चढ नसतो. धुळे-साक्रीकडे पांझरेवरच्या फड बंधाऱ्यांचे पाट त्याहून कितीतरी जुने. पण अरुंद, तिथे पायवाटच.

पावसाळ्यात जाऊ नये. काळी माती मडगार्डमध्ये अशी बसते, की सायकलच खांद्यावर घ्यावी लागते. कापूस वेचणीपासून हरभऱ्याचे घाटे भरेपर्यंतचे दिवस उत्तम. पंक्चरचे सामान मात्र हवे. बाभळीचा काटा कुणाची जात विचारत नाही.

कालवा दुरुस्त करताना सगळे लक्ष पाण्याकडे असते. त्याच वेळी बांधावर थोडा मुरूम टाकून रोलर फिरवला, तर काठच्या गावांतल्या शाळकरी मुलींनाही ट्रकच्या कडेने सायकल चालवावी लागणार नाही.