हरुद : काश्मीरमधील घरांची आगोट

कोकणात मृग नक्षत्र जवळ आले की घरोघरी आगोटीची लगबग सुरू होते. घरे शाकारली जातात, लाकूडफाटा आडोशाला येतो, सुकी मासळी, पापड, सांडगे आणि आमसुले डब्यांत भरून ठेवली जातात. पावसाळ्यात बाजाराच्या भरवशावर राहता येत नाही, हे त्यामागचे साधे गणित. देशाच्या उत्तर टोकाला, काश्मीर खोऱ्यात, हेच गणित वेगळ्या ऋतूत मांडले जाते. तेथील आगोट शरदात येते. काश्मिरी भाषेत या ऋतूला ‘हरुद’ असे नाव आहे.

ऑक्टोबर उजाडताच चिनारची पाने पिवळी पडू लागतात. पुढे ती केशरी होतात आणि नोव्हेंबरात गर्द तांबडी होऊन गळतात. पर्यटक हा रंगोत्सव डोळे भरून पाहतात. खोऱ्यातील गृहिणीला मात्र त्या रंगांत उरलेल्या दिवसांचा हिशेब दिसतो. २१ डिसेंबरला ‘चिल्लई कलान’ हा ४० दिवसांचा कडाक्याच्या थंडीचा काळ सुरू होतो. त्यानंतर २० दिवसांचा ‘चिल्लई खुर्द’ आणि १० दिवसांचा ‘चिल्लई बच्चा’ येतो. या ७० दिवसांत पारा वारंवार शून्याखाली उतरतो, नळ गोठतात आणि बर्फामुळे वाटा बंद होतात. जे करावयाचे ते त्यापूर्वीच करावे लागते.

उन्हात आणि मातीत साठवण

तयारीची सुरुवात स्वयंपाकघरापासून होते. ऊन कडक असते तेव्हाच वांगी, दुधी भोपळा आणि टोमॅटो चिरून वाळत घातले जातात. शरदात सलगमच्या चकत्या दोऱ्यात ओवून त्यांच्या माळा खिडक्यांवर टांगल्या जातात. या सुक्या भाज्यांना ‘होख स्युन’ म्हणतात. ओलावा राहिला तर बुरशी धरते, म्हणून भाजी कडकडीत वाळल्याची खात्री करूनच ती भरून ठेवली जाते.

दुसरे कोठार परसबागेत असते. सलगम, मुळा, गाजर आणि नवलकोल यांचा पाला छाटून ते खड्ड्यात रचले जातात आणि वर मातीचा जाड थर दिला जातो. पाणी आत मुरू नये म्हणून मातीला उंचवटा ठेवतात. बर्फ पडला तरी खड्ड्यातील भाजी गोठत नाही, कारण वरची माती आणि तिच्यावरचा बर्फ या दोहोंची तिला दुलई मिळते. ऐन हिवाळ्यात बर्फ बाजूला सारून लागेल तेवढी भाजी काढली जाते. रिकाम्या झालेल्या वाफ्यांत याच दिवसांत लसूण लावला जातो. थंडीभर तो मातीत दबा धरून राहतो आणि वसंतात जोमाने वाढतो.

झाडांची काळजी

फळझाडांच्या बाबतीत उशीर महागात पडतो. नोव्हेंबर २०१८ आणि पुन्हा नोव्हेंबर २०१९ मध्ये खोऱ्यात अपेक्षेपेक्षा लवकर बर्फ पडला. सफरचंदाच्या झाडांवर तेव्हा पाने होती, काही ठिकाणी फळेही होती. पानांवर बर्फ साठत गेला, तो भार फांद्यांना पेलला नाही आणि अनेक वर्षे जोपासलेली झाडे मोडून पडली. म्हणून जाणते बागायतदार फळांची तोडणी लांबवत नाहीत, वाकलेल्या फांद्यांना टेकू देतात आणि बर्फ पडू लागताच लांब काठीने हलकेच फांद्या झटकतात.

ऊब आणि सावधगिरी

घराच्या डागडुजीलाही हाच मुहूर्त असतो. उतरत्या छपरांचे सैल झालेले पत्रे ठोकून घट्ट केले जातात, कारण तेथूनच बर्फाचे पाणी आत झिरपते. उघड्यावरील नळांच्या वाहिन्यांना गोणपाट गुंडाळले जाते. पूर्वी जाळीदार लाकडी खिडक्यांवर कागद चिकटवून वारा अडवला जाई. आता त्याची जागा काचेने आणि प्लॅस्टिकच्या कापडाने घेतली आहे. जमिनीवर गालिचे आणि नमदे अंथरले जातात, पेटीतले फेरन बाहेर येतात. बुखारीचा, म्हणजे लाकडावर किंवा कोळशावर चालणाऱ्या शेगडीचा, धुराडा साफ केला जातो. काही घरांत ‘हमाम’ असतो. त्या खोलीच्या दगडी फरशीखाली लाकडे पेटवली की फरशी बराच वेळ उबदार राहते. निखाऱ्यांनी भरलेली, वेताच्या विणीतील मातीची कांगडी तर प्रत्येकाच्या सोबतीला असते. चरार-ए-शरीफच्या कांगड्या विशेष नावाजलेल्या आहेत.

मात्र ऊब देणारी हीच साधने बेसावध माणसाचा घात करतात. बंद खोलीत कोळसा, लाकूड किंवा गॅस जळत राहिला की कार्बन मोनॉक्साइड साचतो. या वायूला रंग नसतो, वासही नसतो, त्यामुळे झोपलेल्या माणसाला धोक्याची चाहूल लागत नाही. जानेवारी २०२५ मध्ये श्रीनगर शहरात एकाच कुटुंबातील पाच जणांचा गुदमरून मृत्यू झाला, त्यांत तीन मुले होती. धुराडा मोकळा असणे, खिडकीची एक फट उघडी ठेवणे आणि झोपण्यापूर्वी शेगडी विझवणे, या तीन गोष्टी इतर साऱ्या तयारीहून मोलाच्या आहेत. कांगडी वर्षानुवर्षे अंगाशी धरल्याने त्वचेचा कर्करोग होऊ शकतो, असेही वैद्यकशास्त्र सांगते. थंडीने कुडकुडणाऱ्या कोणत्याही गावात हे नियम तितकेच लागू आहेत.

पानांचा धूर

गळलेली चिनारची पाने गोळा करून ती जाळायची, मग पाणी शिंपडून त्यांचा कोळसा करायचा आणि तो कांगडीसाठी साठवायचा, ही जुनी रीत आहे. ती काटकसरीची असली तरी तिचा धूर खोऱ्यातच कोंडून राहतो. भोवतालच्या पर्वतरांगांमुळे थंड हवा तळाशी बसते आणि धुराला वर जायला वाट मिळत नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी खोऱ्यातील हवेचा अभ्यास केला, तेव्हा घरगुती कोळशाचा वापर हे हिवाळी प्रदूषणाचे एक प्रमुख कारण असल्याचे दिसून आले. ही पाने खड्ड्यात कुजवली तर बागेला उत्तम खत मिळते.

मातीत ठेवलेली ठेव

हरुदमधील अखेरचे काम फुलांचे. झबरवान पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या श्रीनगरच्या ट्युलिप उद्यानात याच सुमारास कंद मातीत पुरले जातात. घरोघरच्या बागांतही ट्युलिप, नर्गिस आणि हायसिंथ यांचे कंद लागतात. ट्युलिपच्या कंदाला काही आठवडे सलग थंडी मिळाली नाही तर फूल नीट उमलत नाही. जो हिवाळा माणसाला घरात कोंडतो, तोच कंदाला फुलण्यासाठी तयार करतो. त्याचे फळ मार्चअखेरीस आणि एप्रिलमध्ये दिसते.

आता काळ बदलला आहे. काझीगुंड ते बनिहाल हा सुमारे साडेआठ किलोमीटरचा बोगदा २०२१ मध्ये वाहतुकीस खुला झाला आणि ६ जून २०२५ रोजी कटरा ते श्रीनगर रेल्वेसेवेचे उद्घाटन झाले. हिवाळ्यातही ताजी भाजी बाजारात येते. म्हणून साठवणीची गरज संपली, असे मात्र कोणी म्हणत नाही. २०२५ च्या ऑगस्टअखेरीस अतिवृष्टी आणि दरडींमुळे श्रीनगर-जम्मू महामार्गावरील वाहतूक अनेक दिवस कोलमडली आणि सफरचंदांनी भरलेले ट्रक वाटेतच अडकून पडले. रस्ता केव्हा बंद होईल हे सांगून येत नाही, हे खोऱ्यातील वडीलधाऱ्यांना पूर्वीपासून ठाऊक आहे.

खिडकीवरील सलगमची माळ, परसातील मातीचा उंचवटा आणि जमिनीत पुरलेले कंद ही सारी एका अर्थी ठेवच आहे. हात चालता असताना, थोडी थोडी आणि वेळेवर केलेली. कोकणातील आजी आगोटीला जे करते, तेच काश्मीरमधील आजी हरुदमध्ये करते. दोघींचे आकाश वेगळे, पण घरावरची माया आणि उद्याचा विचार एकच.