स्वल्पविरामाची किंमत

अमेरिकेच्या मेन राज्यातील ओकहर्स्ट या दुग्धकंपनीच्या वाहनचालकांनी जादा कामाच्या वेतनासाठी दावा दाखल केला होता. ज्या कामांना असे वेतन लागू नाही, त्यांची यादी राज्याच्या कायद्यात होती. यादीच्या अखेरीस ‘पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्युशन’ असे शब्द होते. ‘शिपमेंट’नंतर स्वल्पविराम नव्हता. मग वितरण हे स्वतंत्र काम, की पॅकिंगचाच एक हेतू? २०१७ मध्ये संघीय अपील न्यायालयाने या संदिग्धतेचा लाभ कामगारांना दिला आणि २०१८ मध्ये ५० लाख डॉलरवर तडजोड झाली.

आपल्या समाजालाही हा विषय परका नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिअॅटल नगरपरिषदेने जातीय भेदभावास बंदी घातली. परंतु कायद्याचा आधार घेताना आपली हकीकत इंग्रजीत मांडायची असेल, तर ती निःसंदिग्ध असावी लागते. मराठीभाषकांनी त्यासाठी चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

पहिली : ‘आय कम्प्लेन्ड इन मार्च, नो वन रिप्लाइड.’ अशी रचना मराठीत चालते. इंग्रजीत दोन पूर्ण वाक्ये केवळ स्वल्पविरामाने जोडता येत नाहीत. तेथे पूर्णविराम किंवा अर्धविराम द्यावा, अथवा स्वल्पविरामानंतर ‘बट’ घालावे.

दुसरी : मराठीत ‘कारण’ने नवे वाक्य सुरू होते. इंग्रजीत ‘बिकॉज’चा खंड एकटा ठेवला, तर वाक्य अपुरे राहते. तो मुख्य वाक्याला जोडावा.

तिसरी : ‘एन्टरिंग द रूम, माय मॅनेजर आस्क्ड माय सरनेम.’ येथे खोलीत शिरला तो व्यवस्थापक, असा अर्थ होतो. आपण शिरलो असू, तर ‘व्हेन आय एन्टर्ड द रूम’ असे लिहावे. तक्रारीत कोणी काय केले, हेच निर्णायक असते.

चौथी : कर्ता आणि क्रियापद यांत फार अंतर ठेवू नये. बाबासाहेब ज्या मसुदा समितीचे अध्यक्ष होते, त्या संविधानाची इंग्रजी उद्देशिका हे एकच वाक्य आहे. ‘वी’ हा कर्ता आरंभी, तर मुख्य क्रियापदे थेट शेवटी येतात. तरीही अर्थ ढळत नाही. कारण न्याय, स्वातंत्र्य व समता यांचे खंड अर्धविरामांनी वेगळे केले आहेत आणि खंडांतर्गत तपशील स्वल्पविरामांनी. दैनंदिन पत्रव्यवहारात मात्र लहान वाक्येच बरी.

परकीय भाषेतील चूक हा बुद्धीचा कमीपणा नव्हे, हे आपल्या मुलांनाही सांगावे. मात्र महत्त्वाचा अर्ज पाठवण्यापूर्वी तो मोठ्याने वाचावा, प्रत्येक वाक्याला ‘कोणी? काय केले? केव्हा?’ असे विचारावे आणि घटना ठाऊक नसलेल्या एखाद्या मित्राकडून तो वाचून घ्यावा. त्याला जेथे अडखळायला होईल, तेथे वाक्य तोडून पुन्हा लिहावे.

जय भीम.