निशिकीचा बाजार आणि घिसाड्याची विळी

कोणत्याही गांवाची खरी ओळख करून घ्यावयाची असेल तर त्याचा बाजार पाहावा, असें आमचें पुष्कळ दिवसांचें मत आहे. वाडे आणि देवळें पाहुण्यास दाखविण्यासाठीं सजविलेलीं असतात; बाजार मात्र आपल्या रोजच्या वेषांत उभा असतो. तेथील माणसें काय खातात, कोणती वस्तु जपतात, कशासाठीं दोन पैसे अधिक मोजतात आणि कोणाशीं घासाघीस करतात, हें सर्व तेथें न विचारतां कळतें. हल्लीं आपल्या घरांतील मुलें, सुना आणि नातवंडें शिक्षणाच्या व नोकरीच्या निमित्तानें जपानपर्यंत जातात. तोक्यो शहराच्या एदोगावा विभागांत हिंदी लोकांची वस्ती इतकी रुळली आहे कीं, २०१९ सालीं श्री. योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ तेथील विभागसभेवर निवडून आले. तेव्हां परततांना घरच्यांसाठीं काय आणावें, हा प्रश्न आतां एकट्यादुकट्या श्रीमंतांचा राहिला नसून आमच्या-तुमच्यासारख्या एकत्र कुटुंबांतही विचारला जातो. त्याचाच विचार येथें करावयाचा आहे.

आमचा पुतण्या तिकडे नोकरीस असल्यामुळें आम्हांस क्योतो नगर पाहाण्याचा योग आला. निघतांना घरांतील स्त्रीवर्गानें यादी दिली होती. थोरल्या वहिनींस भाजीचा चांगला सुरा, धाकट्या सूनबाईंस चहाची किटली आणि मुलांस ‘कांहींतरी जपानी’! ही यादी खिशांत घालून आम्ही निशिकी बाजारांत गेलों. क्योतो हें इ. स. ७९४ पासून हजारांहून अधिक वर्षें जपानच्या सम्राटांचें राहाण्याचें ठिकाण होतें, आणि निशिकीस तेथील लोक ‘क्योतोचें स्वयंपाकघर’ असेंच म्हणतात. शिजो नांवाच्या हमरस्त्याच्या उत्तरेस, त्याला समांतर अशी ही एक अरुंद गल्ली आहे. लांबी सुमारें ३९० मीटर, रुंदी दहा ते पंधरा फूट, डोक्यावर लाल, पिवळें व हिरवें असें रंगीत छप्पर, आणि दोहों बाजूंस मिळून सुमारें १३० दुकानें. सोयाबिनच्या दुधाचें पनीर, कोंड्यांत मुरविलेलीं लोणचीं, चहा, कडधान्यें, मिठाई आणि अर्थातच मासळी. आमच्यासारख्या शाकाहारी माणसास थोडा वास सोसावा लागतो, हें खरें. परंतु एवढ्या गर्दींतही पायाखालीं कचरा म्हणून दिसत नाहीं. चालतां चालतां खाऊं नये, अशी विनंतीची पाटी तेथें लावलेली आहे. ती वाचून आम्हांस आमच्या आजोबांची आठवण झाली.

ह्या बाजाराचा इतिहासही मनोरंजक आहे. भूमीखालीं थंड व निर्मळ पाण्याचे झरे असल्यामुळें बर्फ नव्हतें त्या काळींही येथें माल ताजा राही. म्हणून येथें विक्रेते जमले, आणि १६१५ सालीं तत्कालीन शासनानें मासळीच्या घाऊक व्यापाराची रीतसर परवानगी दिली. गल्लीच्या पूर्व टोकाशीं एक देवालय आहे. तेथील देवता म्हणजे सुगावारा नो मिचिझाने हा प्राचीन पंडित असून विद्येचा दाता म्हणून विद्यार्थी त्याच्यापुढें हात जोडतात. भाजीबाजाराच्या तोंडाशीं विद्येचें दैवत पाहून आमच्यासारख्या पंतोजीस संतोष व्हावा, ह्यांत नवल नाहीं. ह्याच बाजारांतील भाजीच्या अडत्याच्या घरीं १७१६ सालीं इतो जाकुचू जन्मास आला. पुढें तो जपानचा थोर चित्रकार झाला, तरी बाजारावर संकट आलें तेव्हां कुंचला बाजूस ठेवून तो बाजार वांचविण्यासाठीं खटपट करीत होता. त्याचें एक चित्र विलक्षण आहे. त्यांत बुद्धाचें महापरिनिर्वाण दाखविलें आहे. परंतु बुद्धाच्या जागीं टोपलीवर एक पांढरा मुळा निजलेला असून भोंवतीं शोक करणारे शिष्य म्हणजे नाना तऱ्हेच्या भाज्या व फळें आहेत. ज्या महाराष्ट्रांत सावता माळ्यास आपल्या मळ्यांतच विठ्ठल भेटला, तेथील वाचकांस ह्या चित्राचा अर्थ निराळा सांगावयास नको.

आतां भांड्यांकडे वळूं. अन्नाचा बाजार जेथें असेल तेथें त्याच्या आश्रयानें भांड्यांचा बाजार वाढतो, हा जगाचा नियमच दिसतो. तोक्योचा त्सुकिजी येथील मोठा मासळीबाजार १९३५ सालीं उघडला आणि २०१८ सालीं तेथून हलला; परंतु त्याच्या कडेचीं सुऱ्यांचीं व वाडग्यांचीं दुकानें जुन्या जागींच राहिलीं. निशिकींतील आरित्सुगु हें दुकान आपला आरंभ १५६० सालापासून मोजतें. मूळ पुरुष तलवारी करणारा लोहार. आज तेथें भाजीचे सुरे, तांब्याचीं पातेलीं आणि गाजर-मुळ्याच्या फुलांच्या आकाराच्या चकत्या पाडण्याचे साचे मिळतात, आणि सुऱ्यावर घेणाऱ्याचें नांव कोरून देतात. १८७६ सालीं जपानी सरकारनें तलवार बाळगण्यास बंदी केली, तेव्हां अनेक लोहारांपुढें उपजीविकेचा प्रश्न उभा राहिला, आणि त्यांतील पुष्कळांनीं आपली विद्या स्वयंपाकघराकडे वळविली. विद्या तीच, पोलादही तेंच. शत्रूच्या मानेऐवजीं आतां भोपळा, एवढाच भेद!

एका दुकानांत आम्हीं सुरा मागितला. विक्रेत्या वृद्धानें लगेच सुरा काढला नाहीं. घरांत कोण चिरतें, उजव्या हातानें कीं डाव्या, भाजीच चिरणार कीं आणखी कांहीं, धार लावण्याचा दगड आहे काय, असे प्रश्न तो विचारीत राहिला. पुतण्या दुभाष्याचें काम करतां करतां हंसून म्हणाला, “काका, हा माल विकावयास बसला आहे कीं परीक्षा घ्यावयास?” परंतु त्या प्रश्नांत अर्थ होता. तिकडील कित्येक सुऱ्यांस एकाच बाजूनें धार असते, आणि उजव्या हाताचा सुरा डावऱ्या माणसाच्या कामाचा नसतो. कार्बनयुक्त पोलादाचा सुरा धारदार खरा, पण लिंबू-चिंच चिरून ओला ठेवला कीं गंजतो. ज्या घरांत भांडीं घासणारी बाई सर्व कांहीं एकत्र घंगाळांत टाकते, तेथें तो आठ दिवसही टिकावयाचा नाहीं. हें सर्व समजून घेऊन त्यानें आम्हांस दोहों बाजूंनीं धार असलेला, न गंजणाऱ्या पोलादाचा साधा सुरा दिला. तो दाखविलेल्या सुऱ्यांत सर्वांत महाग नव्हता, हें विशेष.

आमच्या वाचकभगिनींच्या उपयोगासाठीं कांहीं गोष्टी येथें नमूद करतों. बिडाची किटली घेतांना आंत पाहावें. आंतून काचेसारखा गुळगुळीत लेप असेल तर ती चहा मुरविण्याची झारी आहे, चुलीवर ठेवण्याची नव्हे. पाणी उकळण्याच्या किटलीस असा लेप नसतो. मातीचें झांकणाचें भांडें, ज्यास ते ‘दोनाबे’ म्हणतात, प्रथम वापरतांना त्यांत तांदुळाची पेज मंद आंचेवर शिजवितात, म्हणजे सूक्ष्म छिद्रें बुजतात. नवा तवा तेल देऊन मुरवावा लागतो, हें जाणणाऱ्या गृहिणीस ही रीति परकी वाटणार नाहीं. आंतून चरे असलेला मातीचा वाडगा आणि लांकडी बत्ता ही जोडी तीळ वाटण्यास फार चांगली. आपल्या खलबत्त्याची ती धाकटी बहीणच. लाखी दिसणारे वाडगे पारखून घ्यावेत. खरें रोगण हें एका झाडाचा चीक असतें, आपल्या सावंतवाडीची लाख किड्यापासून होते. आणि स्वस्त वाडगा बहुधा दोहोंपैकीं एकाचाही नसून रंगविलेल्या प्लास्टिकचा असतो. तांब्याच्या पातेल्यांस तेही आंतून कल्हई करतात. मुलांस व शेजाऱ्यांस देण्यास छापील सुती हातपुसणें अथवा बोचकें बांधण्याचा चौकोनी रुमाल उत्तम. वजन नाहीं, फुटण्याचें भय नाहीं, आणि आपला पंचा व आपलें गांठोडें किती सुंदर होऊं शकतें, ह्याचा तो धडा आहे. सुरा मात्र विमानांत हातच्या पिशवींत ठेवतां येत नाहीं. तो मोठ्या सामानांत बांधावा. लोणच्यांत व तयार मसाल्यांत पुष्कळदां सुकविलेल्या मासळीचा अंश असतो, म्हणून शाकाहारी कुटुंबांनीं विचारल्यावांचून घेऊं नयेत.

आमच्या वडिलांच्या पिढीस ‘जपानी माल’ म्हटला कीं हंसूं येई. जपानी माल म्हणजे स्वस्त, चटकदार आणि चार दिवसांचा, असा समज होता. १९३१ च्या अखेरीस जपानी येनचा भाव उतरल्यावर तिकडील कापड हिंदुस्थानांत इतकें स्वस्त येऊं लागलें कीं, १९३३ सालीं ब्रिटिशेतर सुती कापडावरील जकात शेंकडा ७५ पर्यंत चढवावी लागली, आणि १९३४ सालीं उभय देशांत व्यापारी करार झाला. तोच शब्द आज टिकाऊपणाची साक्ष म्हणून वापरला जातो. हा पालट आपोआप झाला नाहीं. महायुद्धांत बेचिराख झालेल्या त्या राष्ट्रानें १९५० सालीं डेमिंग ह्या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञास व्याख्यानांस बोलाविलें, मोठमोठे कारखानदार त्याच्यापुढें विद्यार्थ्यांसारखे बसले, आणि पुढल्याच वर्षीं त्याच्या नांवें गुणवत्तेचें पारितोषिक सुरू झालें. एका पिढींत राष्ट्राच्या नांवाचा अर्थ बदलतो, हें आम्हांस त्या बाजारांतील सर्वांत मोलाचें दर्शन वाटलें.

आणि येथेंच मन जाफराबादेस परत येतें. केळणा आणि पूर्णा ह्यांच्या संगमावरील आमच्या ह्या गांवीं आठवड्याचा बाजार भरतो. भाजी, मिरची, धान्य, गूळ ह्यांच्या कडेला घिसाड्याचें बिऱ्हाड बसतें. पुरुष तापलेलें लोखंड ऐरणीवर धरतो, त्याची बायको घण घालते, आणि पाहातां पाहातां विळा, खुरपें, विळीचें पातें तयार होतें. आपण मूळचे राजपुतान्यांतील, असें हे लोक सांगतात. क्योतोच्या लोहाराची आणि ह्याची विद्या एकाच कुळांतली. परंतु तेथें ग्राहक सुऱ्यावर नांव कोरून घेतो आणि पेटी मस्तकीं लावल्यासारखी नेतो. येथें आम्ही सुशिक्षित म्हणविणारे लोक दहा रुपयांसाठीं घिसाड्याशीं वाद घालतों आणि त्याचें नांवही विचारीत नाहीं. आमच्या जालन्यास पोलादाच्या सळयांचे मोठमोठे कारखाने आहेत. पोलाद आहे, हात आहेत. उणीव आहे ती मानाची. पिकतें तेथें विकत नाहीं, ही म्हण आम्ही अभिमानानें सांगावी अशी नव्हे.

हें नेहमींच असें नव्हतें. आमच्या शेजारचें भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. १९७३ सालच्या उत्खननांत तेथें हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा एक अवशेष मिळाला. इटलींत इ. स. ७९ मध्यें ज्वालामुखीच्या राखेखालीं गडप झालेल्या पाँपे नगरांत १९३८ सालीं जी भारतीय हस्तिदंती मूर्ति सांपडली, तिच्याशीं ह्या अवशेषाचें साम्य इतकें आहे कीं, ती पाँपेची मूर्ति भोकरदनच्या कारागिराचीच असावी, असें मत कांहीं विद्वानांनीं मांडलें आहे. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीं परदेशच्या धनिकाच्या घरीं कौतुकानें ठेवलेली वस्तु केळणेच्या कांठीं घडली असण्याचा संभव आहे!

पुण्याचेंच पाहा. १८८६ सालीं रे मार्केट उभें राहिलें. एवढा खर्च त्यावर करूं नये म्हणून जोतीराव फुले ह्यांनीं नगरपालिकेंत विरोध केला होता, आणि आज ती मंडई त्यांच्याच नांवें ओळखली जाते. मंडईच्या शेजारीं तुळशीबागेंत रामाच्या देवळाभोंवतीं पितळेची भातुकली आणि पूजेचीं उपकरणें मिळत आलीं. कसब्यांतील तांबट आळींत ठोक्याठोक्यानें माठारकाम केलेलीं तांब्याचीं भांडीं होतात. परंतु ते ठोके आतां थोड्याच घरांतून ऐकूं येतात, आणि कल्हईवाल्याची हांक तर आमच्या नातवंडांस ठाऊकच नाहीं. निशिकीसही ही भीति आहे. प्रवाशांची गर्दी वाढली तशीं जुनीं खाद्यपदार्थांचीं दुकानें जाऊन शोभेच्या वस्तूंचीं येत आहेत, अशी खंत तेथील रहिवासी बोलून दाखवितात. बाजार हा रोजच्या गिऱ्हाइकावर जगतो. एक दिवसाच्या पाहुण्यावर तो केवळ सजतो.

म्हणून परदेशीं जाणाऱ्या आमच्या मुलांसुनांस आमचें सांगणें एवढेंच आहे. वस्तु घेण्यापूर्वीं तीन प्रश्न स्वतःस विचारावेत: ही घरांत रोज वापरली जाईल काय? ही कोणी व कोठें केली, हें दुकानदार सांगूं शकतो काय? आणि हिची निगा आपल्या घरांत राहील काय? तिन्हींचें उत्तर होकारार्थी असेल तर किंमत देतांना हात आंखडूं नये. एकाचेंही नकारार्थी असेल तर ती कांचेच्या कपाटांत धूळ खाणार, हें निश्चित समजावें. आणि एक चौथी गोष्ट, जी जपानी वृद्धानें नव्हे तर आमच्या मनानें सांगितली: तेथें एका सुऱ्यास जेवढा मान दिला, तेवढाच येथें एका विळीस द्यावा. पुढील बाजारीं घिसाडी दिसला तर त्याचें नांव विचारावें, पातें नीट पारखून घ्यावें, घासाघीस न करतां दाम द्यावा, आणि पावसाळ्यापूर्वीं तेल लावून तें कोरडें ठेवावें. परदेशांतून आणण्याजोगी ही वस्तु अशी आहे कीं, तिला वजन नाहीं आणि तिच्यावर जकातही पडत नाहीं.